भाभीच्या गावाला मी छान म्हटलं

शेजारच्या खोलीत आता नवी माणसं राहायला आली आहेत. नवरा-बायको दोघंही कामाला जातात. सकाळी दाराला कुलूप लावताना माझ्याकडं बघून हसतात आणि संध्याकाळी परत आले की आवाज न करता राहतात. त्यांच्यात खोड काढण्यासारखं काही नाही, आणि मी ती शोधलेलीही नाही. पण ती खोली भाभीची होती, आणि ती विकली गेली माझ्या एका वाक्यामुळं. ते वाक्य बोलताना मला ठाऊक नव्हतं की माझ्या बोलण्यावर कुणाची खोली अडली आहे. ठाऊक नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. त्यानं फरक पडत नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नवऱ्याला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत फिटरची नोकरी लागली आणि लग्न होऊन मी सरावलीच्या या बैठ्या चाळीत आले. एका ओळीत खोल्या, पुढं सगळ्यांचा मिळून लांबलचक ओटा, मागं मोऱ्या. भाभी माझ्या आधीपासून इथं होती. तिचा नवरा दुसऱ्या एका कारखान्यात बॉयलरवर होता. त्याला सगळी चाळ भैयाजी म्हणायची. मी तिला भाभी म्हणायची, ती मला ताई. दोघींच्या चुली एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होत्या. तिकडं कढईत काय पडलं ते मला वासावरून कळायचं, आणि इकडं माझं भांडण कुणाशी चाललंय ते तिला आवाजावरून.

भाभीचं गाव हिमालयाच्या पायथ्याशी. रेल्वे तिथं संपते, पुढं डोंगर सुरू होतो, आणि गावाला लागूनच वाघांचं मोठं राखीव जंगल आहे. देशभरातून लोक वाघ बघायला येतात ते त्या गावात उतरतात. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. पुढं मी त्याच्याबद्दल जे सांगणार आहे ते वाचून तिथल्या कुणाला राग यायचा, आणि त्या लोकांनी माझं काही वाईट केलेलं नाही.

त्या गावाचं कौतुक ऐकत माझी अर्धी उमर गेली. बोअरचं पाणी खारट लागलं की भाभी म्हणायची, “हमारे यहाँ का पानी पियोगी तो मालूम पड़ेगा.” कंपन्यांकडून आंबूस वास आला की ती नाकाला पदर लावून म्हणायची, “हमारे यहाँ सुबह लीची के फूलों की खुशबू आती है.” थंडी पडली नाही तरी तक्रार, आंबे लवकर संपले तरी तक्रार. तिच्या आईच्या घरासमोरून वाघ रस्ता ओलांडून गेला होता ही गोष्ट तर मी इतक्या वेळा ऐकली होती की वाघ कुठल्या पायावर लंगडत होता तेही मी सांगू शकले असते. मी तिला चिडवायची. म्हणायची, तुमच्या वाघाला सांग, इकडं बदली करून घे म्हणावं, वसाहतीत ओव्हरटाइम मिळतो. ती खोटं खोटं रागवायची आणि मग माझ्याच ओट्यावर बसून मेथी निवडायची.

आता माझ्या तोंडाबद्दल सांगून टाकते, कारण सगळं रामायण तिथूनच आहे. मला दिसतं आणि मी बोलते. लोक याला नावं ठेवणं म्हणतात. साडीचा काठ विटका असेल तर तो मला दुकानात पिवळ्या दिव्याखालीही दिसतो, आणि दिसला की तो माझ्या पोटात राहत नाही. माहेरी यासाठी मी मार खाल्लाय. पण चाळीनं माझ्या या खोडीचा धंद्यासारखा उपयोग करून घेतला. कुणी पंखा आणला, कुणी कपाट बघायला निघालं, कुणाच्या मुलीला स्थळ आलं, की आधी मला दाखवायचं अशी रीतच पडली. मी खोड काढायची, आणि तरीही जे टिकेल ते घ्यायचं. शिरगावहून टमटमनं मासे घेऊन येणारी मावशीसुद्धा पाटी उतरवली की आधी मला हाक मारायची. “ताय, तुमी बगा आदी. तुमी बोलल्याबिगर इकडं कोन हात लावीत नाय.” मी कल्ले उचलून बघायची, पोट दाबून बघायची आणि जे असेल ते तोंडावर सांगायची. मावशी शिव्या द्यायची, पण दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी निवडून आणायची.

भाभीनं तर स्वतःची खोलीही तशीच घेतली. आधी ती दोघं भाड्यानं राहायची. भैयाजींना विकत घ्यायचं होतं, बोईसरमध्ये नव्या बिल्डिंगा उठत होत्या, आणि भाभी मला प्रत्येक जागा दाखवायला घेऊन जायची. एकीच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. एकीत बाल्कनी उघडली की समोरच्याच्या ताटात काय वाढलंय ते दिसायचं. भैयाजी वैतागले. शेवटी त्यांची तीच खोली मालकानं विकायला काढली तेव्हा मी मागच्या भिंतीची ओल तेवढी दाखवली, मालकाकडून ती दुरुस्त करून घ्यायला लावली आणि म्हणाले, घ्या आता. भाभीनं विचारलं, “और कुछ नहीं?” मी म्हणाले, शेजारीण तोंडाळ आहे, तेवढं बघा. ती हसत हसत आत गेली आणि भैयाजींना सांगून आली.

भैयाजी रिटायर झाले आणि दोघं गावी गेली. खोली ठेवली होती. मुलगा तिकडं पर्यटकांना जंगलात नेणारी जिप्सी चालवत होता, सून घर सांभाळत होती; आता आई-बाप जवळ हवेत असं मुलाचं म्हणणं. भाभी जाताना इतकी खूश होती की मला रडायचीही लाज वाटली. किल्ली माझ्याकडं होती. पावसाळ्यात मी दारं-खिडक्या उघडून खोलीला हवा द्यायची.

फोन यायचे. भाभी सगळ्या चाळीची चौकशी करायची. मावशी येते का, तिच्या गुडघ्याचं काय झालं, ओट्यावर फरशी बसवली का. स्वतःबद्दल विचारलं की म्हणायची, “ठीक है.” मला वाटायचं, सुखी माणूस काय सांगणार. आणि दर फोनच्या शेवटी एकच, “ताई, एक बार आ जाओ. अपनी आँख से देखो.” मी म्हणायची, बघू. तिच्या त्या ‘देखो’त काय होतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं, पण मी ते वाघाबद्दल समजले.

माझा नवरा रिटायर झाला आणि मग आम्ही खरंच निघालो. निघण्याआधी त्यानं मला समोर बसवून बजावलं. त्याच्या मनात वाणगावची आठवण ताजी होती. तिथं त्याच्या चुलतभावानं बंगला बांधला होता, आणि वास्तुशांतीच्या पंगतीत मी म्हणाले होते की जिना बांधलाय की छातीची परीक्षा घ्यायला ठेवलाय. भाऊ तेव्हापासून आमच्याशी बोलत नाही. “हे बघ,” नवरा म्हणाला, “तिथं जे वाढतील ते खायचं, जे दाखवतील त्याला छान म्हणायचं. परक्या मुलखात माझी अब्रू राख. चार दिवस तुझ्या तोंडाला कुलूप.” मी चिडले, पण कबूल झाले. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. इतकी वर्षं मी भाभीच्या गावाची टर उडवली होती. एकदा तोंड भरून तिचं गाव वाखाणावं, तिचं मन शांत करावं, असं मी गाडीत बसल्या बसल्या ठरवून टाकलं. म्हणजे कुलूप नवऱ्यानं दिलं आणि ते मी आपल्या हातानं लावलं.

दिल्लीला गाडी बदलून आम्ही सकाळी तिच्या गावी उतरलो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. स्टेशनवर भैयाजी मफलर गुंडाळून उभे होते, आणि त्यांच्यामागं भाभी, दोन स्वेटरांवर शाल घेतलेली. वाळली होती. मला मिठी मारून म्हणाली, “ताय, तुमी आली. लय बरा झाला.” ही तिची मराठी आमच्या मावशीकडनं उचललेली, त्यामुळं ती बोलायला लागली की डोळ्यांसमोर पापलेटच यायचं. मी पोट धरून हसले. मागनं तिची सून आमच्याकडं बघत होती. सासूच्या तोंडून हे तिनं कधी ऐकलं नसावं.

घर दुमजली. वरच्या खोल्या पर्यटकांना द्यायच्या, दाराशी ‘होमस्टे’ असा बोर्ड. आम्हाला वरची सगळ्यात चांगली खोली दिली होती; खिडकीतून निळे डोंगर दिसत होते. मी खिडकीत उभी राहिले आणि म्हणाले, काय छान! मागं भाभी उभी होती. ती म्हणाली, “हाँ, खिडकी अच्छी है.”

दुसऱ्या दिवशी तिच्या मुलानं आम्हाला जंगलात नेलं. पहाटे फाटकापाशी जिप्स्यांची रांग लागलेली, प्रत्येकीत ब्लँकेटात गुरफटलेली माणसं, सगळ्यांचे डोळे वाघासाठी टवकारलेले. आत गेल्यावर सांबरं दिसली, मोर दिसले, हत्तींचा कळप लांबून दिसला. वाघाच्या पावलांचे ठसे दिसले. वाघ नुकताच गेला, असं समोरून आलेल्या जिप्सीतले लोक म्हणाले. एरवी मी म्हणाले असते की एवढ्या थंडीत उठून आम्ही हत्तीचं शेण बघायला आलो का. पण नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी म्हणाले, काय शांतता आहे! नवरा खूश झाला. त्याला खरंच आवडलं होतं, तो दिवसभर ठशांबद्दल बोलत होता.

परत आल्यावर भाभी मला एकटीला घेऊन बाहेर पडली. आधी नदीवर नेलं. पात्र रुंदच्या रुंद, त्यात गोटेच गोटे, आणि मधून पाण्याची बारीक धार. पात्रात उतरून ट्रक रेती भरत होते. पलीकडच्या काठावर हॉटेलं झाली होती आणि तिथला कचरा उतारावरून खाली आला होता. “ये देखो,” भाभी म्हणाली. “पहले पानी यहाँ तक आता था.” मी गोट्यांवर बसले आणि म्हणाले, अजूनही छान आहे गं, आमच्याकडं नदी तरी कुठं आहे. ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, चलो.

बाजारात नेलं. जिप्स्यांचे हॉर्न, धूळ, दुकानादुकानांत वाघाचं चित्र असलेले टी-शर्ट. “धूल बहुत है ना?” तिनं विचारलं. धूळ कुठं नाही, मी म्हणाले. बोईसरच्या नाक्यावर काय अत्तर शिंपडतात? ती हसली नाही. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

दिवस मावळायच्या आत आम्ही घरी होतो. भाभीनं दार लावलं, खिडक्या लावल्या, अंगणाच्या फाटकाला साखळी घातली. मागच्या थंडीत जवळच्या वाडीतल्या एका बाईला गवत कापताना वाघानं नेलं होतं. तेव्हापासून सूर्य कलला की बायका बाहेर पडत नाहीत. पूर्वी लहानपणी वाघ क्वचित दिसायचा, आता तो उसात येऊन बसतो, असं ती सांगत होती. सरावलीत ही बाई जेवणं झाली की आम्हा सगळ्यांना उठवून रस्त्यानं फिरायला न्यायची. बोईसरच्या बाजारात एकटी जायची, शिरगावच्या किनाऱ्यावर रविवारी वाळूत फतकल मारून बसायची. “तुम्हें डर नहीं लगता?” तिनं मला विचारलं. यावर मी काय म्हणाले ते आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी म्हणाले, उलट बरंच आहे, या निमित्तानं घरातली माणसं एकत्र तरी बसतात.

अशी ती मला एकेक दाखवत होती आणि मी एकेकाला छान म्हणत होते. पाणी दिलं, गोड आहे म्हणाले. गहतची डाळ वाढली, आपले कुळीथच की हे, म्हणाले. मडुव्याची रोटी वाढली, नाचणी इतकी मऊ आम्हाला कधी जमली नाही, म्हणाले. हे तेवढं खरं होतं. समोरच्या रिसॉर्टात लग्न होतं आणि गाण्यांनी भांडी हलत होती, तर त्यालाही मी म्हणाले, गाव कसं जागतं आहे! नवरा टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावून शाबासकी देत होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळे जेवायला बसलो होतो. भाभी वाढत होती. एकदम थांबली, हातात रोटी तशीच, आणि भैयाजींच्या देखत मला म्हणाली, “ताई, सच बताओ. यहाँ रहना अच्छा, कि सरावली?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, हाच तो क्षण, ज्यासाठी मी इतक्या लांब आले. मी पाणी प्यायले, खुर्चीत नीट बसले आणि भाषणच ठोकलं. सरावलीत काय ठेवलंय, म्हणाले. खारट पाणी, तो वास, ती गटारं. तू आम्हाला इतकी वर्षं सांगत होतीस आणि आम्ही हसत होतो, पण तुझंच खरं होतं. हा स्वर्ग आहे, भाभी. चुकूनसुद्धा परत यायचं नाव काढू नकोस.

भैयाजींचा चेहरा खुलला. भाभीनं ती रोटी माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाली, “लो, गरम है.” मग ती आत गेली ती पुष्कळ वेळ बाहेर आली नाही.

सकाळी स्टेशनवर तिनं माझा हात धरला. “तुम बदल गई हो, ताई,” ती म्हणाली. मी ते कौतुक समजले. गाडी सुटल्यावर नवऱ्याला सांगितलंही, बघ, भाभीसुद्धा म्हणाली मी सुधारले म्हणून. नवरा म्हणाला, चार दिवस माणसात होतीस खरी.

पावसाळ्याच्या तोंडाला भैयाजी एकटेच आले. खोलीला गिऱ्हाईक मिळालं होतं. मला आश्चर्य वाटलं, पण म्हटलं, त्यांची खोली, त्यांचा व्यवहार. ते आमच्याकडंच उतरले. पालघरला जाऊन कागदांवर सह्या झाल्या, आणि त्या दुपारी ते आमच्याकडं जेवायला बसले तेव्हा फार मोकळे दिसत होते. बॉयलरवर काम करून त्यांना कमी बोलायची सवय होती, पण त्या दिवशी बोलले.

“ताई, आपका बड़ा एहसान है,” ते म्हणाले. कसलं एहसान, मी विचारलं. मग त्यांनी सांगितलं. भाभीला खोली विकायची नव्हती. तिचं म्हणणं होतं की दिवाळीपासून होळीपर्यंत आपण दोघं सरावलीला राहू. इथली थंडी मला सोसत नाही, आणि माझा जीव इथं लागत नाही. भैयाजींना हे वेड वाटत होतं. स्वतःचं गाव, स्वतःचं घर, मुलगा, नातवंडं सोडून कुणी चाळीत राहायला जातं का? बरेच दिवस वाद चालला. शेवटी भाभीच म्हणाली, ताईला येऊ दे. ती मुँहदेखी बात करत नाही. ती जे म्हणेल ते मी मानीन, तुम्हीही माना. आणि तिला आधी काही सांगायचं नाही.

“मैं तो डर रहा था,” भैयाजी हसून म्हणाले, “आप आएँगी तो दस कमियाँ निकालेंगी. आपने तो झगड़ा ही ख़तम कर दिया.” आणि त्यांनी माझ्याकडून आणखी थोडा भात वाढून घेतला.

माझा नवरा खाली मान घालून जेवत होता. नंतरही कधी आम्ही दोघांनी याबद्दल नीट बोलणं केलेलं नाही. त्याचा दोष नाही. मी जन्मभर कुणाचं ऐकलं नाही आणि नेमकं तेवढं एकदा ऐकलं.

जेवण झाल्यावर भैयाजी आडवे झाले आणि मी मागच्या बाजूला जाऊन भाभीला फोन लावला. मला सांगितलं का नाहीस, म्हणून मी तिच्यावरच ओरडले. ती शांत होती. म्हणाली, “सिखा के बुलवाती, तो वो तुम्हारी बात थोड़े ही होती. इनको पता चल जाता.” मग म्हणाली, “और तुम इतनी खुश थीं. मैंने सोचा, सच में अच्छा होगा. मुझे ही नज़र नहीं आता होगा.”

हे ऐकल्यावर मला राहवलं नाही. मी तिच्या गावावर तुटून पडले. म्हणाले, तुझ्या नदीत पाणी नाही, नुसते दगड आहेत, आणि त्या काठावर मला शिसारी आली होती. तुझ्या बाजारात दोन माणसं एकमेकांशी बोलू शकत नाहीत. तुमचं जंगल म्हणजे गाड्यांची जत्रा आहे, वाघ त्या धुरालाच कंटाळून उसात येत असेल. सून चांगली आहे, पण तुझ्याशी बोलताना ती फोनमधून डोळे वर करत नाही. जिन्याची पायरी उंच आहे, तुझे गुडघे त्यानंच गेलेत. सात वाजता माणसानं कोंबड्यांसारखं खुराड्यात जायचं, हे काय जगणं आहे? भाभी आधी “हाँ, हाँ” करत होती, मग हसायला लागली, मग तिचं हसणं थांबलं. मी बोलतच होते. कागदांवर सह्या झालेल्या होत्या आणि मी बोलत होते.

“बस, ताई,” ती शेवटी म्हणाली. “तुमने तो सब देख लिया था.” तिच्या आवाजात राग नव्हता, ती माझीच समजूत काढायला लागली होती. “बस एक चीज़ रह गई. मेरा बिस्तर कहाँ लगता है, वो तुमने नहीं देखा. वो देख लेतीं, तो तुमसे चुप नहीं रहा जाता. उमर हो गई, ताई. नज़र कमज़ोर हो गई तुम्हारी.”

ते मी बघितलं होतं. दुसऱ्याच दिवशी पहाटे गरम पाणी आणायला खाली उतरले तेव्हा स्वयंपाकघरामागच्या कोठीचं दार अर्धं उघडं होतं. पिठाचा पिंप आणि गॅसचा सिलिंडर यांच्या मधल्या जागेत एका माणसापुरती गादी गुंडाळून ठेवली होती. तिच्यावर भाभीची शाल, गुडघ्यांना लावायच्या तेलाची बाटली आणि कंगवा. खालच्या खोलीतही पाहुणे होते, ती भाड्यानं गेली होती. भैयाजी नातवंडांबरोबर झोपत असावेत. मी तिथं उभी राहिले. आम्ही आलोय म्हणून चार दिवसांची सोय असेल, असं मी मनाशी म्हणाले, आणि मला तेव्हाही ठाऊक होतं की ते तसं नाही, कारण भिंतीला खिळा ठोकून तिनं त्यावर आपली जपमाळ अडकवली होती. चार दिवसांसाठी कुणी खिळा ठोकत नाही. मग मी पाणी घेतलं आणि वर येऊन नवऱ्याला म्हणाले, किती करतात बाई ही माणसं आपल्यासाठी.

फोनवर भाभी वाट बघत होती.

“हो गं,” मी म्हणाले. “आताशा मला नीट दिसत नाही.”